शाळेवरून जाणारा डोंगा

दौलत,

तू गेल्यापासून मला एकच स्वप्न पडतं आहे. त्यात आपलं जुनं गाव आहे, पण पाण्याखालचं. पाणी शेवाळाच्या रंगाचं, आणि त्यातून गाळून आलेलं ऊन शाळेच्या अंगणात हलतं आहे. अंगणात मुली फुटबॉल खेळताहेत. बॉल फार सावकाश जातो. कुणी लाथ मारली की तो उठतो, वर तरंगत राहतो, आणि सगळ्या पोरी माना वर करून त्याच्याकडे पाहत थांबतात. त्यांच्या अंगात भारताच्या संघाचे निळे कपडे आहेत. गोलात तुझी काजल उभी आहे, दोन बांबूंच्या मध्ये, तू विणलेल्या जाळ्यापुढे. आणि अगदी वर, उजेडात, तुझ्या डोंग्याचा काळा तळ दिसतो. तू वाकून खाली पाहतोस. मी हाक मारायला तोंड उघडतो आणि तोंडात पाणी शिरतं.

जाग आली की बराच वेळ कळत नाही, आपण पाण्याच्या कोणत्या बाजूला आहोत.

मच्छीमार संस्थेची पोरं घरी आली होती. म्हणाली, "गुरुजी, दौलतकाकावर तुमीच लिहा जी. तुमचं मराठी चांगलं हाय." मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसलो. तुझा जन्म, तुझी नदी, तुझी डोंग्यांची शर्यत, असं काही मांडायला गेलो, पण एक वाक्य पुढे सरकेना. तुझ्याविषयी लिहायचा मला अधिकार आहे का, हाच प्रश्न आडवा येत होता. मग ठरवलं, तुझ्याशीच बोलावं. बाकीच्यांना ऐकायचं असेल तर ऐकावं. त्यांनी ऐकावं, अशीच माझी इच्छा आहे.

मला नेहमी आधी तो डोंगा आठवतो. गोसीखुर्द धरणाचं पाणी गावावर चढून एक-दोन वर्षं झाली होती. सगळे नवीन गावठाणात राहायला गेले होते. मी पवनीतल्या माझ्या घरी होतो, निवृत्त. तू मला सकाळीच घेऊन गेलास. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. मग तू वल्हं थांबवलंस.

"गुरुजी, हळू बसा जी. आता तुमच्या शाळेवरून चाललो आपन."

"तुला कसं कळतं?"

"पानी थंडं लागते इथं." तू हात पाण्यात घातलास. "तुमी लय मारत होते ना, म्हनून असन."

मी हसलो. पण हात घालून पाहिला, तर पाणी खरंच थंड लागलं. खाली काही दिसत नव्हतं. तरीही मला फळा दिसला, खिडकी दिसली, खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या पोरांच्या मानगुटी दिसल्या. आणि कोपऱ्यातलं ते टेबल, जिथं मी रजिस्टरमध्ये नावं घालत असे. डोंगा त्या सगळ्यावरून सरकत गेला आणि तू पुन्हा वल्हं मारायला लागलास. तेव्हाच बोलायला हवं होतं. पाण्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी पाणकावळ्यांबद्दल काहीतरी बोललो.

काजल गोलकीपर कशी झाली, हे मला बऱ्याच लोकांनी विचारलं. मी सांगत असे, शाळेला खेळाचं सामान आलं, त्यात एक फुटबॉल होता, मी पोरांना खेळायला लावलं. हे खोटं नाही. पण ती गोलकीपर माझ्या आधी, तुझ्या काठावर झाली होती. तू डोंगा काठापासून थोडा दूर उभा करायचास, जाळ्यातली मासोळी सोडवायचास आणि काठाकडे भिरकावायचास. काठावर ही एवढीशी पोर, मागे टोपलं. ओली, घसरती, जिवंत मासोळी हवेतच अंग मोडते. नुसत्या पंजांनी ती हातात राहत नाही. छातीशी घेऊन दोन्ही कोपरं मिटावी लागतात. हे तिला कुणी शिकवलं नाही. चार-दोनदा चिखलात पडली असेल, पाचव्यांदा कोपरं आपोआप मिटली असतील.

मासोळी पडली की तू एकच शब्द बोलायचास. "उचल." त्यात राग नसे, आणि अरेरे म्हणणंही नसे. मातीने माखलेली मासोळी ती उचलायची, पाण्यात हलवून घ्यायची, टोपल्यात टाकायची आणि पुन्हा उभी राहायची.

एकदा तू मलाही फेकलीस. पांढऱ्या सदऱ्यावर आपटून ती खाली पडली आणि मी मागे सरकलो. तू इतका हसलास की डोंगा डुलायला लागला. "गुरुजी, हे मासोळी होय जी, खडू नाही!" काजलही हसली, तोंडावर हात ठेवून. सदऱ्याचा वास पुढे पुष्कळ दिवस गेला नाही. बायको रागावली. मला मात्र तो वास आवडायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही.

फुटबॉलवरून आपलं कधी पटलं नाही. नवीन गावठाणात पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा होती. तिथं तू बांबू रोवलेस आणि जुन्या जाळ्याचे तुकडे सांधून गोलाला लावलेस. काजल तोवर मोठ्या शाळेत जाऊ लागली होती आणि तिथले सर तिला जिल्ह्याला, विभागाला खेळायला नेत होते. सुट्टीच्या दिवशी ती इथं सराव करायची आणि आपण दोघं दगडावर बसून भांडायचो. मी म्हणायचो, गोलकीपरने रेषा सोडू नये. तू म्हणायचास, "जाळं का घरी बसून फेकते कोनी? समोर जा लागते ना जी."

"आणि बॉल डोक्यावरून गेला तर?"

"गेला तर गेला. मांगं पळाचं."

"तोवर गोल होतो, दौलत."

"होऊ द्या ना. पुढच्या खेपेले आनखी समोर जाईन."

मग मी पुस्तकात काय लिहिलं आहे ते सांगायचो. तू ऐकून घ्यायचास आणि शेवटी म्हणायचास, "पुस्तक लिहिनारा गोलात उभा होता का?" हे भांडण अर्धंच राहिलं. आता मला वाटतं, तू बरोबर होतास. मी जन्मभर रेषेवरच उभा राहिलो.

आता ती गोष्ट सांगतो.

जूनचा महिना होता. गाव अजून कोरडं होतं, पण घरांच्या भिंतींवर सरकारी नंबर पडले होते. काही कुटुंबं आधीच निघून गेली होती आणि शाळेचा पट उतरला होता. पट आणखी उतरला तर दोन शिक्षकांपैकी एकाची बदली होणार होती, आणि ती माझी होती. बपेऱ्याच्या बाजूला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथून मध्य प्रदेश सुरू होतो. मी मूळचा तुमसरचा, तो भाग मला नवीन नव्हता. पण पवनीत घर बांधून झालं होतं, निवृत्ती जवळ आली होती आणि मला हलायचं नव्हतं. म्हणून मी घरोघर फिरलो. बोलता येणारं, चालता येणारं जे पोर दिसलं, त्याचं नाव घातलं. वय कमी असलं तर वाढवलं. आमच्यातले बहुतेक शिक्षक तेव्हा असंच करायचे. जन्माची नोंद कुणी केलेली नसायची, आणि सगळ्यांना एकच सोपी तारीख माहीत होती, एक जुलै.

तू दारात जाळं ठीक करत बसला होतास. मी म्हणालो, "दौलत, काजलचं नाव घालून टाकू."

"अजून पाच बी पुरे नाही झाले जी तिले. सिंगाड्याच्या तोडीत झाली ते. थंडी पडत होती."

"माहीत आहे मला."

"मंग?"

"एक जुलै टाकतो. वर्षभर इकडेतिकडे. काय बिघडतं? लवकर शिकेल."

तू सुतळी दातात धरून हसलास. "एक जुलैले गावात दाई कशी पुरली असन जी? अर्धं गाव त्याच दिवशी पैदा झालं."

दोघंही पोट धरून हसलो. तुझी बायको सुमन आतून पाहायला आली, काय झालं म्हणून. मग मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. तू केलीस. सव्वा वर्षाने मोठी झाली पोर, एका ओळीत, आणि आपण हसत होतो.

पुढे मी स्वतःला सांगत राहिलो की मुलीचं वर्ष वाचावं म्हणून मी ते केलं. तसं नव्हतं. मला बपेऱ्याला जायचं नव्हतं.

दिवस गेले, गाव पाण्यात गेलं, आणि काजल उंच झाली. ती भारताच्या संघाच्या सरावाला निवडली गेली तो दिवस तुला आठवत असेल. शेजारच्या देशांतल्या सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा काठमांडूला होणार होती आणि ती तिथं जाणार होती. तिचा निळ्या कपड्यांतला फोटो गावठाणातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. सुमन सारखी विचारायची, "तिथं भात भेटते का जी गुरुजी? नाही त पोट्टी उपाशी राहीन." आणि तू काही विचारत नव्हतास. नुसता काठावर बसून समोरच्या पाण्याकडे पाहत होतास, जसं काही काठमांडू तिकडेच, पलीकडच्या तीरावर आहे आणि संध्याकाळपर्यंत डोंग्याने पोचता येईल.

मग मला फोन आला. सरावाच्या ठिकाणच्या मॅडम होत्या. शाळेचा गुरुजी म्हणून काजलने माझा नंबर दिला होता. मॅडम म्हणाल्या, "सर, मुलगी लहान आहे हे आम्हाला दिसतं. मनगटाचा फोटो काढला, हाडंसुद्धा तेच सांगतात. पण दाखल्यावरच्या तारखेने ती बसत नाही. तारीख लिहिताना चूक झाली असेल, तर ज्यांनी लिहिली त्यांनी तसं लेखी द्यावं. मी वर बोलून पाहते. आठवडाभर वाट पाहीन." भल्या बाई होत्या. मी म्हणालो, "पाहतो."

त्या रविवारी तू नेहमीसारखा सायकलवर मासोळ्या घेऊन आलास, पळसाच्या पानात बांधलेल्या. काजलने तुलाही फोन केला होता. तू पायरीवर बसलास. चहा घेतलास.

"गुरुजी, लिहून देता का जी?"

मी म्हणालो, "विचार करतोय."

तू कप खाली ठेवलास. मग विचारलंस, "रिटायर मानसावर बी कारवाई होते का?"

"होते तर. पेन्शन अडते." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "पोलिसही घरी येतात." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते तुझ्यासाठी बनवलं, दौलत. तू काय म्हणशील हे मला माहीत होतं, आणि ते तुझ्याच तोंडून यावं म्हणून मी ते बोललो.

तू पानाच्या पुडक्यावरचा दोरा बोटाने सारखा केलास आणि म्हणालास, "मंग राहू द्या जी."

राहू द्या. हे तू म्हणालास, मी नाही. त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं झोपलो. लिहून दिलं असतं तर ती गेली असती का? कदाचित गेली असती, कदाचित वरून नाही आलं असतं. ते आता कुणालाच कळणार नाही, आणि कळणार नाही याला कारण मी आहे.

ती परत आली तेव्हा मी तुझ्या अंगणात होतो. तूच बोलावलं होतंस, म्हणालास, तिच्याशी तुम्हीच दोन शब्द बोला. तिच्या खांद्यावर मोठी बॅग होती. तिने ती उतरवली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ तुझ्यापुढे उभी राहिली.

"बाबा, शाळेत माह्यी तारीख चुकीची कायले सांगतली?"

सुमन म्हणाली, "अगं, आधी पानी त पी."

"नाही. सांगा बाबा. कायले सांगतली?"

तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्यात मागणी नव्हती, दोषही नव्हता. वाट पाहिलीस, इतकंच. जाळं टाकून झाल्यावर माणूस दोरी हातात धरून जसा थांबतो, तसा तू थांबलास. माझ्या हातात चहाची बशी होती. मी चहा प्यालो.

मग तू म्हणालास, "मले का समजे तवा, बाई. तोंडाले आलं थे सांगतलं."

काजल आत गेली. बॅग खांद्यावरच होती, दाराच्या चौकटीला अडकली, तिने ती ओढून घेतली. मी उठलो, चपला घातल्या. तू मला रस्त्यापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, "उन लय हाय जी, डोक्यावर रुमाल घ्या." मला वाटलं होतं, तू आता मला शिवी देशील. शिवी दिली असतीस तर मी बहुधा त्याच पावली परत फिरलो असतो. पुढच्या रविवारी तू मासोळ्या घेऊन आलास. बायकोने चांगला रस्सा केला. मी म्हणालो, पोट बरं नाही.

आणि तरीही आपण ती स्पर्धा पाहिली. आठवतं? घाटावर, जाळी सुकत टाकतात त्या मांडवात, दुपारी, तुझ्या मोबाइलवर. मीच गेलो होतो, का ते माहीत नाही. ऊन जाळ्यांतून खाली पडत होतं आणि तुझ्या तोंडावर, हातांवर, मोबाइलवर चौकटी चौकटी पडल्या होत्या. चित्र मधेच अडकायचं. निळ्या पोरी पळता पळता थबकायच्या, एक पाय हवेत, आणि आपण दोघं श्वास धरून बसायचो, की त्या पुन्हा हलतील. गोलात दुसरी एक मुलगी होती. कुठली कोण जाणे, बारीक, केस घट्ट बांधलेली. तिच्यावर एक गोल झाला. ती गुडघ्यावर बसून राहिली. मला वाटलं, आता तू म्हणशील, माझी काजल असती तर. तू मोबाइल तोंडाजवळ नेलास आणि हळूच म्हणालास, "उचल, बाई. उचल थो बॉल." मग माझ्याकडे वळून म्हणालास, "इचा बाप बी कुठं ना कुठं पाहून राहिला असन जी."

तिने बॉल जाळ्यातून काढून पुढे फेकला. खेळ सुरू झाला. तू समाधानाने मागे टेकलास. मी तुझ्याकडे पाहत होतो आणि मला वाटत होतं, हा माणूस कोणत्या मातीचा आहे. आज वाटतं, तो प्रश्न माझ्याविषयी विचारायला हवा होता.

काजल तुझ्याशी बोलायची थांबली नाही. जेवला का, जाळं कुठं ठेवलं, सगळं बोलायची. पण फुटबॉलचा विषय निघाला की उठून जायची. ती पुन्हा खेळलीही नाही बरेच दिवस. मग गावठाणातल्या लहान मुलींना घेऊन तिने तेच टाकीजवळचं मैदान सुरू केलं. तू मैदानावर गेलास की ती शिट्टी खिशात टाकायची आणि मुलींना घरी पाठवायची. म्हणून तू टाकीच्या मागे उभा राहायला लागलास. एकदा मी तुला तिथं पाहिलं. एवढा मोठा माणूस, खांबाआड, मान बाहेर काढून. मला पाहून ओठांवर बोट ठेवलंस आणि मैदानाकडे दाखवलंस. काजल मुलींना बॉल फेकून दाखवत होती. मुली पकडत होत्या, छातीशी, दोन्ही कोपरं मिटून. तुझे डोळे चमकत होते. "पाहा, पाहा जी," तू कुजबुजलास, "मासोळीवानी पकडून राहिल्या."

मी तुझ्या शेजारी उभा राहिलो, खांबाआड. तू तिथं माझ्यामुळे उभा होतास, आणि मला जागा करून देण्यासाठी तू सरकलास.

तू आजारी होतास तेव्हा मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी सुमन बाहेर गेली होती आणि खोलीत आपण दोघंच होतो. तू खाटेवर. तुझे हात हलके झाले होते, पण बोटं मधूनमधून हलत होती, गाठी मारल्यासारखी. मी म्हणालो, "दौलत, मला काही सांगायचं आहे काजलला." तू डोळे न उघडता म्हणालास, "समोर जाचं असन त जा जी. रेषेवर उभं राहून का होते?" मग थोड्या वेळाने, झोपेत असल्यासारखं, "पानी उतरलं का?" मी म्हणालो, उतरतंय. तू म्हणालास, "मंग शाळा दिसन."

तू पहिलं वाक्य शुद्धीत बोललास की दुसरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्या दिवशीही गेलो नाही समोर. काजल चुलीजवळ होती. मी तिला म्हणालो, काळजी घे, आणि बाहेर पडलो.

तुझ्या तेरवीला मी बोललो. पंगत बसायची होती. संस्थेची पोरं पत्रावळी मांडत होती. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तारीख दौलतने सांगितली नव्हती. त्याने खरी सांगितली होती, शिंगाड्याच्या तोडीतली. खोटी मी लिहिली, माझी बदली टळावी म्हणून. दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा मी त्याला पोलिसांची भीती घातली, आणि त्याने माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. बोलताना माझा आवाज शाळेत धडा वाचून दाखवताना निघायचा तसाच निघत होता, आणि त्याची मला लाज वाटत होती. कुठेतरी एक पत्रावळ वाऱ्याने उलटली, ती कुणी सरळ केली नाही.

काजल दारात उभी होती. ती पुढे आली. मला वाटलं, ओरडेल. तिचा आवाज अगदी खालचा होता.

"हे बाबा असताना काहून नाही सांगतलं, गुरुजी?"

मी खाली पत्रावळींकडे पाहिलं.

"बाबा टाकीमांगं उभे राहत. मले दिसे. रोज दिसे. मी मुद्दाम पाहत नव्हती तिकडे. येक डाव बी वळून पाहिलं नाही मी."

सुमनने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. काजल तो हात बाजूला करून घाटाकडे निघून गेली. मी जेवलो नाही. मला कुणी बस म्हणालंही नाही, आणि ते बरोबर होतं.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. सायकल आली नाही. मी पायरीवर बसून राहायचो, जसा तू बसायचास. स्वप्न मात्र यायचं. पाणी, मुली, सावकाश जाणारा बॉल. फक्त कधी कधी वरचा डोंगा रिकामा असायचा.

आज सकाळी मी स्वतः घाटावर गेलो. पाणी उतरायला लागलं आहे. दूरवर शाळेचा चौथरा कुठे वर आलाय का, ते पाहत उभा राहिलो. धुकं होतं, सगळं पांढरं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं कळत नव्हतं. त्या पांढऱ्यातून तुझा डोंगा आला. क्षणभर मला वाटलं, तूच आहेस. मग पाहिलं, काजल होती. तुझा जुना शर्ट घातलेला, बाह्या दुमडलेल्या. तिने डोंगा काठापासून थोडा दूर उभा केला, तू करायचास तिथेच. जाळ्यातून मासोळ्या सोडवायला लागली. मला तिने पाहिलं होतं.

आणि मग, मान वर न करता, हाक न मारता, तिने एक मासोळी माझ्याकडे भिरकावली. अशी जोरात, की गोलकीपरलाच फेकावी. मी दोन्ही हात पुढे केले. ती माझ्या छातीवर आपटली, हातांतून निसटली आणि खाली मातीत पडून तडफडू लागली.

कुणी हसलं नाही. काजलने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या पाहण्यात माफी नव्हती. पुढे कधी असेल, असंही मला वाटत नाही.

"उचला," ती म्हणाली.

मी वाकलो, दौलत. गुडघे कुरकुरले. मातीने माखलेली मासोळी दोन्ही हातांनी उचलली, काठाच्या पाण्यात हलवून घेतली आणि काठावरच्या टोपल्यात टाकली. मग सरळ झालो आणि पाण्याच्या आणखी जवळ जाऊन उभा राहिलो.

तिने दुसरी फेकली.